ए विंगखालच्या वॅगन आरवर ‘भंगार’ कोणी लिहिलं?

ए/101 (सकाळी 7:12): माझ्या वॅगन आरच्या मागच्या काचेवर धुळीत बोटाने ‘भंगार’ लिहिलंय. पोरांनी लिहिलं असतं तर हसून पुसलं असतं. अक्षर वळणदार आहे, मोठ्या माणसाचं. जुनी गाडी आहे, दिवाळीच्या आत 15 वर्षं पुरी होतील. आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला याच गाडीने नेतो. पहाटे साडेपाचला एकदाही चालू व्हायला नाही म्हणालेली नाही. ज्याने लिहिलं त्याने मला भेटून बोलावं.

सी/402: सुप्रभात. वाईटच झालं. पण मुद्दा असा की निळ्या ताडपत्रीखालची गाडी कधी हलणार? घड्यांमध्ये पाणी साचतं, डास होतात. पावसाळ्यात आमच्याकडे डेंग्यू झाला तेव्हा कोणी विचारायला आलं नव्हतं.

बी/503: 15 वर्षं झाली की गाडी भंगारातच काढावी लागते ना आता? बातम्यांत होतं.

ए/302 नाना: ती अट दिल्लीत आली होती, डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षं. आपल्याकडे खासगी गाडीला तसं नाही. आरटीओत गाडीची फिटनेस तपासणी करून घ्यायची, पुढची 5 वर्षं नोंदणी वाढवून मिळते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे, म्हणून पद्मिनी टॅक्सी 2023 ला गेली. टॅक्सी आणि खासगी गाडी यांची गल्लत नको.

बी/503: नाना, तुमचं फिटनेस कधी? 😄

ए/302 नाना: माझं दर सहा महिन्यांनी होतं, शुगरचं. 101 दादा, तू मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांतच नोंदणी वाढवायचा फॉर्म 25 भर. मी सँट्रोचे 2019 ला 600 रुपये भरले होते. 1 एप्रिल 2022 पासून कारला 5000 झाले. शिवाय ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारला 10,000. उशीर केलास तर महिन्याला 500 वेगळे. विमा आणि पीयूसी चालू हवं. चलनं राहिली असतील तर आधी भरून टाक.

सी/402: माहिती छान. ताडपत्रीचं काय?

बी/503: 10,000? म्हणजे माणसाने गाडी ठेवूच नये असं ठरवलंय.

सी/105: ज्यांच्या दोन गाड्या आणि स्लॉट एक, त्यांनी तर ठेवूच नये.

बी/503: वहिनी, हे मला होतं का?

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. पार्किंगचा विषय एजीएममध्ये घेऊ.

सी/105: मागच्या एजीएममध्येही हेच सांगितलं होतं.

ए/101: नाना, तपासणीत नक्की काय बघतात?

ए/302 नाना: मी पहिल्या खेपेला परत आलो होतो. ब्रेक दाबल्यावर मागचा डावा दिवा लागत नव्हता. मी रोज पुढे बसतो, मला कसा दिसणार? बल्ब निघाला वीस-तीस रुपयांचा, दिवस मात्र अख्खा गेला. आदल्या रात्री कोणाला तरी मागे उभं करून सगळे दिवे बघून घे. हॉर्न, वायपर, टायर, हँडब्रेक, सगळं. आणि चेसिस नंबर. समुद्राच्या हवेने गंज चढून माझे तीन आकडे वाचता येईनात. सँडपेपर लावू नकोस, खाडाखोड केल्यासारखं दिसतं. रॉकेलच्या चिंधीने हळूहळू पुसत राहिलो, मग कागद ठेवून पेन्सिल घासली. सगळे आकडे उमटले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. जपलेली गाडी भंगार नसते रे. लिहिणाऱ्यानेही वाचावं.

सी/402: नाना, जपलेली म्हणालात म्हणून विचारतो. निळी ताडपत्री. दोन वर्षं.

बी/204 काकू: सी/402, सरळ नाव घ्या ना. गाडी आमची आहे. हे गेल्यापासून किल्ली कपाटात आहे. आरसी अजून त्यांच्याच नावावर. मला त्यातलं काही कळत नाही आणि खिडकीतून ती बघवत नाही, म्हणून झाकली.

सी/402: काकू, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण डास खरंच आहेत.

बी/204 काकू: आहेत. माझ्याही घरात येतात.

ए/302 नाना: काकू, वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 असतो. खरं तर तीन महिन्यांत करायचं होतं, पण आता तरी करू. मृत्यूचा दाखला आणि आरसी काढून ठेवा, मी संध्याकाळी येतो. मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच. ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला देतात. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर नाव तुमचंच राहतं, उद्या कुठे काही झालं तर पोलीस तुमच्याच दारात.

बी/204 काकू: मोडीत नको. आधी चालू होते का बघा.

ए/101: काकू, उद्या आईला आणून सोडलं की मी खाली येतो. बॅटरी नक्की उतरली असणार, माझ्याकडे जंपर केबल आहे. उंदरांनी वायरी कुरतडल्या नसतील तर चालू होईल.

सी/402: ताडपत्री किती वाजता काढणार?

ए/101: साडेदहाला. या, एक टोक तुम्ही धरा. पाण्याने जड झाली असेल.

सी/402: येतो. बादली आणतो.