अनुभव धागा: लेकरांना (किंवा आईबाबांना) घेऊन केलेली आडवाट आणि तंबूतली रात्र

गवतीचहा
काल माळा आवरताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात तंबूच्या खुंट्या सापडल्या. मोजल्या तर अकराच. बारावी कुठे गेली ते काही आठवेना, बाकी सगळं मात्र आठवलं.

लेक तेव्हा नऊ वर्षांचा. जूनचा पहिला आठवडा, काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो. नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणून थार घेऊन आम्ही दोघंच. रतनवाडीच्या अलीकडे धरणाचं पाणी हटून सपाट जमीन उघडी पडली होती, घातली गाडी थेट पाण्याजवळ. फोटो चांगले येतील म्हणून! रात्री काजव्यांनी भरलेलं एक सादड्याचं झाड विझलं की शेजारचं पेटायचं. दहाला लेक झोपला आणि अकराला पाऊस आला.

सकाळी खाली गाळ नव्हे, श्रीखंड. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) टाकलं तर चारही चाकं जागच्या जागी गरगर. "आई, पाय काढ. तू खड्डा खणतेयस." हे नऊ वर्षांचं पोर मला सांगतंय! तेवढ्यात शेळ्या घेऊन एक बाबा आले. "ताई, राती वर घ्यायची व्हती गाडी." गेले, आणि कुडाच्या भिंतीसाठी काढून ठेवलेली कारवीच्या काठ्यांची मोळी डोक्यावर घेऊन परत आले. काठ्या चाकांपुढे आडव्या टाकल्या, चाकांतली हवा थोडी सोडली, लो रेंज (वेग कमी, जोर जास्त), दुसरा गिअर, रेस अजिबात नाही. निघाली! पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, दोन कप, फुंकून फुंकून.

तुमचे पण लिहा.

निमा७
आमच्या जिप्सीत पुढच्या चाकांना जोर द्यायचा तर त्यांचे हब खाली उतरून हाताने फिरवायला लागायचे. उजवीकडचा बाबा, डावीकडचा मी. एकदा मी उलटा फिरवला आणि मढे घाटाच्या वाटेवर बाबा अर्धा तास गाडीला शिव्या घालत होते. मी गप्प. अजून सांगितलेलं नाही.

अर्धाकप
आमची वॅगनार. सोसायटीचा स्पीडब्रेकर हेच आमचं ऑफरोडिंग 😄

मस्कतकर
ओमानमधलं वाहिबा सँड्सचं वाळवंट, मी आणि लेक (१२). वाळूत जायचं म्हणून चाकांची हवा १५ पीएसआयवर आणली. रात्र झकास, आकाशगंगा दुधासारखी सांडलेली. सकाळी परत डांबरी रस्त्याला लागलो, हवा भरायचा पंप काढायला डिकी उघडली, तर पंप घरी. तसेच ढकलत ढकलत पेट्रोल पंपापर्यंत. लेकीने तेवढ्यात सगळी थालीपीठं संपवली. बाकी, कुकरची शिट्टी विसरून कॅम्पिंगला गेलेलं कोणी आहे का इथे?

अर्धाकप
@मस्कतकर शिट्टी नाही, पण तवा विसरलोय. भाकरी परातीवर भाजली. परात गेली, भाकरीही गेली.

सह्यवारा
गवतीचहा, छान लिहिलंय, पण धरणाच्या उघड्या गाळावर गाडी नेऊच नये, कोरडा दिसला तरी. आणि तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तंबू कुठे चालतो ते आधी वनखात्याला विचारा. काजव्यांच्या दिवसांत टॉर्च, गाडीचे दिवे बंद ठेवा. माद्या खाली गवतात असतात, पायाखाली चिरडतात. अजून एक, थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी घेऊन झोपू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस उठत नाही.

निमा७
+१ शेगडीबद्दल.

पायवाट
कारवी वाचून थांबलेच. सात वर्षांनी फुलते ती हीच ना? आमच्या आजोळी कुडाला तीच लावून वरून शेणाने लिंपायचे. पावसाळ्यात भिंतीला कान लावला की आत किडे कुरतडताना ऐकू यायचे. सॉरी, विषयाला सोडून.

बर्फाळ
हिमाचलात बातलहून चंद्रताल तळ्याचा १४ किमीचा रस्ता. मुलाला (१०) निम्म्यात उलट्या, डोकं धरून बसला. "बाबा, तळं बघूनच जाऊ." तोच हट्ट करत होता. तळं ४३०० मीटरच्या आसपास, उंचीचा त्रास होत असताना रात्र तिथे काढायची म्हणजे जुगार. गाडी वळवली, छत्रूपर्यंत खाली आलो. संध्याकाळी पठ्ठ्याने राजमा-चावल दोनदा मागून घेतला आणि झोपेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तळं राहिलंच. आता तो २२ चा आहे, मित्रांबरोबर जाऊन आला, फोटो पाठवले.

निमा७
@बर्फाळ 😐 हे लागलं. बाबा मार्चमध्ये गेले. वर "अजून सांगितलेलं नाही" लिहून गेलो सवयीने.

गवतीचहा
@निमा७ अरेरे. काळजी घे रे. जिप्सी आहे का अजून?

निमा७
आहे. खाली उभी आहे, बॅटरी उतरलीय.

गवतीचहा
चालू कर बाबा तिला.

@सह्यवारा मान्य, तेव्हा अक्कल नव्हती.

आणि हो, आत्ता लेकाला हॉस्टेलवर फोन केला होता. बारावी खुंटी म्हणे त्याने तेव्हाच त्या बाबांना देऊन टाकली. त्यांच्या एका शेळीचा खुंटा मोडला होता.

अर्धाकप
मग तंबू एका कोपऱ्याने उडत होता का इतकी वर्षं?

गवतीचहा
हो ना! आम्ही तिथे दगड ठेवायचो.