शब्दाचा पहिला ध्वनी बालवाडीतील मुलांना कसा ओळखायला शिकवावा?

प्रश्न – बालवाडी शिक्षिका, महाल, नागपूर

नमस्कार. माझ्या वर्गातील मुले साडेतीन ते पाच वर्षांची आहेत. काहींच्या घरी मराठी बोलली जाते, काहींच्या घरी हिंदी, आणि बऱ्याच पालकांनी पुढे इंग्रजी माध्यम ठरवलेले आहे. तक्ता समोर असला की सगळी मुले ‘क कमळाचा, ख खडूचा’ असे एका सुरात म्हणतात. मात्र तक्ता गुंडाळून ‘काकडी कशाने सुरू होते?’ असे विचारले, की कोणी ‘का’ म्हणते, कोणी ‘कमळ’ म्हणते, आणि माशाचे चित्र पाहून एक मुलगा ‘एम’ म्हणतो. ‘का’ हे उत्तर बरोबर धरावे का, आणि या ध्वनींची ओळख कोणत्या क्रमाने करून द्यावी?

उत्तर – निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

ताई, ‘का’ हे उत्तर बरोबरच धरा. मुलाच्या कानाला ‘का’ हा एकच ठोका ऐकू येतो आणि आपली लिपीही तो एकाच अक्षरात लिहिते; त्यातून ‘क्’ आणि ‘आ’ वेगळे काढणे ही पुढची पायरी आहे व ती बहुतेक मुलांना उशिरा जमते. म्हणून आधी टाळ्या वाजवून शब्द फोडू द्या: का-क-डी, मा-सा, बै-ल. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, काडेपेटी, कागद अशा खऱ्या वस्तू टोपलीत ठेवा आणि ‘का’ने सुरू होणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढायला सांगा. हे सहज जमू लागले, की काकडीशेजारी केळे, कुलूप आणि कोंबडीचे चित्र मांडून चारही नावे सावकाश म्हणा. तोंडाची सुरुवात सगळीकडे सारखीच होते, हे मुलांना आपोआप जाणवू लागते.

सुरुवात ‘म’ आणि ‘स’ यांनी करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण हे ध्वनी लांबवून म्हणता येतात; ‘क’, ‘ट’, ‘प’ यांचे तसे होत नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी आपले शब्द सुरूच होत नसल्याने ‘ण बाणाचा’ या खेळात आणू नका. ‘एम’ म्हणणारा मुलगा अक्षराचे नाव सांगतो आहे, ध्वनी नव्हे. इंग्रजीतील एफ, एल, एम, एन, एस या नावांत मूळ ध्वनी शेवटी येतो, त्यामुळे मुले गोंधळतात. त्याला फक्त ओठ मिटून ‘म्’ म्हणायला लावा.

उत्तर – वाचा-उपचारतज्ज्ञ, रामदासपेठ

वरील क्रम योग्य आहे. त्यात मराठीपुरती एक काळजी घ्यावी. चमचा, चाक, चूल यांतला ‘च’ आणि चहा, चेंडू, चिमणी यांतला ‘च’ हे अक्षराने एक असले तरी कानाला वेगळे आहेत. ‘ज’ आणि ‘झ’ यांचेही तसेच आहे: झाड आणि झेंडा लागोपाठ म्हणून पाहा. मूल चमचा आणि चिमणी एका गटात ठेवत नसेल, तर त्याचे कान चांगले काम करत आहेत असे समजावे. या वयात दोन्ही प्रकारचे शब्द एका टोपलीत ठेवू नयेत.

प-फ, क-ख या जोड्या सर्वांत शेवटी घ्याव्यात. ओठांपुढे कागदाची पातळ पट्टी धरून ‘पणती’ म्हटले तर ती जेमतेम हलते, ‘फणस’ म्हटले की उडते. हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. एखादे मूल एकमेकांहून अगदी वेगळे ध्वनी ओळखतानाही सतत चुकत असेल, विशेषतः त्याला वारंवार सर्दी होत असेल किंवा कान फुटत असेल, तर त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी.

उत्तर – पालक, मानेवाडा

चित्र दाखवण्याआधी त्याचे नाव सर्वांनी मिळून ठरवावे, अशी माझी विनंती आहे. आमच्या घरी कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, त्यामुळे माझ्या मुलीने त्या चित्राला ‘सां’ असे उत्तर दिले आणि ते चूक ठरले. कांद्याला प्याज म्हणणाऱ्या मुलाचे ‘प्या’ हे उत्तरही त्याच्या शब्दापुरते बरोबरच असते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मग तक्ता पूर्णपणे बंद करावा का?

निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

बंद करू नका, मागे ठेवा. ज्या ध्वनीच्या वस्तू मुले न चुकता निवडू लागतील, तेवढेच अक्षर त्या दिवशी दाखवा आणि बोटाने वाळूत गिरवून घ्या.