अनुभव धागा: 'गाय हा पाळीव प्राणी आहे'च्या पुढे काय?

प्राथमिकच्या मुलांकडून प्राण्यांची माहिती लिहून घेताना तुम्ही काय करता? निबंध नव्हे, बघून, मोजून, विचारून लिहिलेली माहिती. किनाऱ्यावरच्या शाळांतले अनुभव जरूर लिहा. सुरुवात मी करते.

दापोली तालुका, चौथीचा वर्ग
निबंधात सगळ्यांची गाय एकसारखीच असायची, म्हणून एकदा बादलीतून जिवंत चिंबोरी (खेकडा) नेली, नांग्या सुतळीने बांधलेली. "पाय किती?" कुणी आठ म्हणालं, कुणी दहा. मोजायला सगळे बादलीवर ओणवले. पाय दहाच, पुढचे दोन म्हणजे नांग्या. मागची जोडी वल्ह्यासारखी चपटी, पोहायला. एवढ्यात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी पुढे आली. तिची आई बाजारात मासे विकते. तिने चिंबोरी अलगद उलटी धरली आणि म्हणाली, "बाई, ही मादी. पोटावरची पट्टी रुंद हाय ना? नराची निमुळती असते." त्या दिवशी तिने अकरा ओळी लिहिल्या. त्याआधी दोनच्या वर कधी गेली नव्हती. तिला येत होतं ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं, याची मला फार खंत वाटते.

मंडणगड तालुका, दुशिक्षकी शाळा
आमच्याकडे कासवं. वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांचं संरक्षण चालू आहे, तरी मुलं लिहायची, "कासवीण अंड्यांवर बसते." कोंबडी पाहिलेली ना! मग वहीत दोन रकाने पाडले: 'मी पाहिलं' आणि 'मला सांगितलं'. घरटी राखणाऱ्या कासवमित्रांना विचारलं तेव्हा दुसरा रकाना भरला: शंभरच्या आसपास अंडी घालून, वाळूने झाकून ती समुद्रात परत जाते, त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. साधारण ५० दिवसांनी पिल्लं निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. पहिल्या रकान्यात एकाने लिहिलं: "पिल्लू माझ्या तळव्यापेक्षा लहान होतं. लाटेने दोनदा मागे आणलं." वर्षभरात माझ्या वर्गात लिहिलेलं याहून चांगलं वाक्य मला आठवत नाही.

मालवण, पालक
लेकीने लिहिलं, डॉल्फिन मासा नाही. तिचे आजोबा रापणीतले, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने मासे धरणारे. म्हणाले, "पाण्यात रवता मगे मासोच ना तो?" दोघांचं वाजलं. मग आजोबांनी तिला होडीतून नेलं. डॉल्फिन वर आला, फुस्स करून श्वास सोडला. आजोबा गप्प. घरी येऊन म्हणाले, "लिही, श्वासाक वर येता."

गुहागर, निवृत्त मुख्याध्यापिका
एक विनंती. 'मला कासव आवडते' हे वाक्य लाल शाईने खोडू नका. माहितीत बसत नाही हे खरं, पण मी त्याला पानाच्या तळाशी जागा ठेवायचे. माहिती आधी, जीव नंतर. मुलं ती ओळ लिहायला मिळावी म्हणून वरची माहिती भराभर पुरी करायची.