त्यांनी कॉलेजं दिली, मग आम्ही काय दिलं?

कुळागर

शनिवारी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट आली. मतितार्थ असा: पोर्तुगीज गेले तेव्हा गोव्यात काही नव्हतं. धेंपे, चौगुले, साळगावकर ही खाणमालक घराणी नसती तर आपण अजून चिमणीच्या उजेडात बसलो असतो. 1962 साली पणजीत आणि मडगावात कॉलेजं त्यांनी काढली, पेपर त्यांनी काढले, फुटबॉल त्यांनी जगवला, आणि आजची पिढी मात्र कृतघ्न. खाली नुसते जोडलेले हात. मी उत्तर लिहिलं, तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनने ‘राजकारण नको’ म्हणून ते उडवलं. म्हणून इथे लिहितो.

कॉलेजं त्यांनी दिली हे खरंच आहे. मी त्यातल्याच एका कॉलेजात शिकलो, तिथल्या मास्तरांनी मला माणसांत आणलं. पण पैसा आला कुठून, हे त्या पोस्टीत एका ओळीनेही नाही. खनिजाचे डोंगर पोर्तुगीज सरकारने कन्सेशन, म्हणजे खाण खोदायचा हक्क, म्हणून वाटले. मुक्तीनंतर ते तसेच चालू राहिले. 1987 च्या कायद्याने कन्सेशनची लीज झाली, म्हणजे कागद बदलला, हात तेच. 2012 च्या सप्टेंबरात बेकायदा खाणींवरचा शाह आयोगाचा अहवाल आला, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. एप्रिल 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं की लीजांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, त्यापुढचं सगळं खोदकाम बेकायदा. एवढं झाल्यावरही सरकारने 88 लीजांचं नूतनीकरण केलं, ते 7 फेब्रुवारी 2018 ला पुन्हा न्यायालयालाच रद्द करावं लागलं. आता सांगा, कोणाचं सरकार होतं हे? पक्षाचं नाव सांगू नका, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या वाड्यावरची झर खाणीने आटली. मग कंपनी टँकर पाठवायची. टँकरवर कंपनीचं नाव ठळक रंगवलेलं. आई घागर लावताना म्हणायची, ‘देव बरें करूं तांचें.’ त्या पोस्टीखालचे जोडलेले हात पाहून मला ती घागर आठवली.

बार्जवाला

झालं? आता माझं ऐका. 2005 साली कर्ज काढून खनिज वाहणाऱ्या बार्जमध्ये भागी घेतली. तेव्हा चीन माती विकत घेत होता, माती! जे खनिज आधी डंपवर टाकत होते तेही बोटीत चढायला लागलं. 2012 ला बंद, मध्ये थोडं सुरू, 2018 ला परत बंद. आमची बार्ज नदीकाठच्या चिखलात गंजत पडली आणि शेवटी भंगारात गेली. तुमच्यासारखे पर्यावरणवाले कोर्टात जिंकले तेव्हा पेढे वाटत होते. माझ्या खलाशांच्या घरी त्या महिन्यात काय शिजलं ते विचारायला कोण आलं नाही.

आणि ज्यांच्यावर तुमचा राग, त्यांचं काय गेलं? धेंप्यांनी खाणधंदा 2009 लाच सेसा कंपनीला 1,750 कोटींना विकला. बंदी येण्याआधी तीन वर्षं! हुशार माणसं. बुडालो आम्ही, ट्रकवाले, गॅरेजवाले, उसगावचे हॉटेलवाले. तुमचा बाण लागला तो आम्हाला.

कुळागर

बार्जवाले बाब, मी पर्यावरणवाला नाही, मी सुपारीवाला. आणि तुम्ही जे लिहिलंत ते माझ्याच बाजूचं आहे. पैसा वर गेला, कर्ज खाली राहिलं.

बार्जवाला

तुमच्या बाजूचं काही नाही त्यात. झरीसाठी रडता, माझ्या हप्त्यासाठी रडला होता?

फोंडेकर

धागाकर्त्यांची सोयीस्कर विस्मृती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कोण? भाऊसाहेब बांदोडकर. धंदा कोणता? खाण. 1963 च्या निवडणुकीत भाटकार (जमीनदार) आणि शिकल्यासवरल्यांच्या नाकावर टिच्चून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) निवडून कोणी दिलं? बहुजन समाजाने. कूळ कायदा 1964 चा, भाऊंच्या काळातला. मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्यांचा) कायदा 1975 चा आणि कुळांना जमिनीचे मालक करणारी पाचवी दुरुस्ती 1976 ची, दोन्ही शशिकलाताईंच्या काळातली. म्हणजे भाटकारशाहीचं कंबरडं एका खाणमालकाने आणि त्याच्या लेकीने मोडलं. ‘श्रीमंत घराणी’ म्हणून सगळ्यांना एका गोणीत भरलं की धागा चटपटीत होतो, पण इतिहास उरत नाही.

दुसरं. आजची घराणी कुठून आली? 2022 च्या विधानसभेत 40 आमदारांत तीन नवरा-बायको जोड्या: वाळपई-पर्ये, पणजी-ताळगाव, कळंगुट-शिवोली. यातली किती आडनावं खाणमालकांची? आपण मतं देऊन आणली त्यांना. कॉलेजवाल्यांना शिव्या देणं सोपं, कारण ते दारात मतं मागायला येत नाहीत.

कुळागर

मतं मागायला येत नाहीत कारण गरजच नव्हती. नवप्रभा, नवहिंद टाइम्स धेंप्यांचे. गोमन्तक काढला चौगुल्यांनी. सुनापरान्त साळगावकरांचा. सकाळी चहाबरोबर जे वाचायचं ते त्यांच्या छापखान्यातलं. खाणमालकाच्या पेपरात खाणीची बातमी कितव्या पानावर येणार हे सांगायला पंचांग लागत नाही.

भाऊंबद्दल मान्य. पण त्यांनी कुळांना भाट दिलं, डोंगर नाही दिला. तेवढं लक्षात असू द्या.

म्हापशेंकार

पेपर मालकाचं ऐकतात तर 1967 चा जनमत कौल कसा झाला? गोमन्तक गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने कंठशोष करत होता. समोर राष्ट्रमत, तोही मराठीतच. निकाल: वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191, विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. लोकांनी आपल्याला हवं ते केलं. आणि विषय निघालाच आहे तर मराठीवर जो अन्याय 1987 साली राजभाषा कायद्यात...

सत्तरीची सून

नको! हात जोडते. या संकेतस्थळावर गोव्याचा कुठलाही धागा मराठी-कोंकणीत जाऊन बुडतो. एक धागा तरी जगू दे.

मुद्द्यावर. माझं माहेर बार्देशात, मुंडकाराच्या घरातलं. 1984 मध्ये मी नववीत. गावात वीज येऊन जमाना झाला होता, आमच्या घरात नाही, कारण भाटकारणीने ना-हरकत सही केली नव्हती. बाबा दर रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर तिच्या बलकांवसमोर (ओसरीसमोर) टोपी काढून उभे राहायचे. ती कधीच नाही म्हणाली नाही. ‘फुडल्या आयतारा पळोवया’ (पुढच्या रविवारी बघू) म्हणायची. माझ्या दहावीच्या परीक्षेआधी सही मिळाली, त्या बदल्यात भावाने तिचं वर्षभराचं नारळ पाडायचं काम फुकट केलं. कायदा 1975 चा, फोंडेकर. सही 1985 ची. आणि घराखालच्या जमिनीचा मुंडकारी खटला अजून मामलेदाराकडे आहे. बाबा गेले. भाटकारीणही गेली. तिचे नातू लिस्बनला आहेत, नोटीस बजावता येत नाही म्हणून तारीख. कंबरडं मोडलं म्हणता? चालतंय अजून, लंगडत का होईना.

सासर सत्तरीचं. इथे प्रतापसिंग राणे 1972 ते 2017 निवडणुकीत एकदाही पडले नाहीत. शहरातले लोक विचारतात, तुम्ही लोक अजून राणे खाशांना मुजरा करता का? अहो, मुजरा नाही. सासूबाईंना रात्री दोनला बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा गाडी कोणी पाठवली हे आम्हाला आठवतं. मतदारसंघ 25-30 हजारांचा. आमदार घराघरात माहीत असतो. तुम्ही याला घराणेशाही म्हणा, माझा नवरा याला ‘नंबर सेव्ह आहे’ म्हणतो. मला पटत नाही, पण त्या रात्री मीही त्याच गाडीत बसले होते.

फोंडेकर

सत्तरीची सून यांचं वाचून गप्प झालो. तारीख पे तारीख हा सरकारचा दोष, कायद्याचा नाही, एवढंच म्हणतो.

माशेलचा मृदंग

सगळे खाणी आणि भाटांवर अडकलात. गोव्यात खरी सत्ता देवळात आहे. महाजनांची (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची) वही उघडा. पोर्तुगीज निघून गेले, पण त्यांचा 1933 चा देवस्थान कायदा आम्ही देव्हाऱ्यात ठेवलाय. महाजन कोण, तर ज्याचा बाप महाजन. बाकी गाव? ढोल वाजवा, दिवली धरा, जत्रेला दुकान थाटा, निघा.

फोंडेकर

इथे मात्र थांबा. मी महाजन आहे. माझे वडील मुंबईत परळला एका खोलीत सात जणांबरोबर राहून कारकुनी करत होते. वर्षातून एकदा जत्रेला यायचे, ते पण कर्ज काढून. हे तुमचं ‘श्रीमंत घराणं’? सोळाव्या शतकात देवळं फुटायला लागली तेव्हा आमच्या पूर्वजांनी रातोरात देव उचलून नदी ओलांडली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. जीव धोक्यात घालून. ज्यांनी देव वाचवला त्यांच्या वंशजांना वहीत नाव असू नये?

माशेलचा मृदंग

नदी ओलांडली, कबूल. नदीच्या या बाजूला जागा कोणी दिली? पहिल्या रात्री देव कोणाच्या अंगणात उतरला? त्यांची नावं कुठल्या वहीत आहेत? तुमच्या पूर्वजांची पालखी आमच्या पूर्वजांच्या खांद्यावरून आली असेल, पाण्यावरून चालत तर नाही आली.

आणि कलावंत? केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ज्या समाजातून आल्या त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या चौकात गायन केलं. भारतभर नाव झालं. महाजन म्हणून नाव झालं का?

माझे आजोबा चाळीस वर्षं एका देवळात पखवाज वाजवत होते. शिशिरोत्सवात एका वर्षी वडिलांनी पालखीला खांदा दिला, गर्दीत, चुकून म्हणा. एका महाजनाने कोपराने बाजूला केलं. शब्द एक नाही. नुसतं कोपर. वडील घरी येऊन जेवले नाहीत. त्यानंतर आमच्या घरातून कोणी त्या देवळात वाजवायला गेलं नाही.

फोंडेकर

एका माणसाच्या कोपरावरून सगळ्या महाजनांना झोडपणं हा न्याय नव्हे. आमच्याकडे पालखीला कोणीही खांदा देतो. तुमच्यासारखे लोक जुनी खपली काढून त्यावर मतं मिळवतात.

माशेलचा मृदंग

मतं? मी शाळामास्तर आहे, पंचायतीलाही कधी उभा राहिलो नाही. ‘तुमच्यासारखे लोक’ म्हणजे कसले लोक ते एकदा स्पष्ट लिहा. इथे सगळे वाचतायत.

फोंडेकर

तसं म्हणायचं नव्हतं.

माशेलचा मृदंग

तसंच म्हणायचं होतं.

सत्तरीची सून

फोंडेकर, एक सरळ प्रश्न. तुमच्या महाजनांच्या वहीत तुमच्या बायकोचं नाव आहे? मुलीचं?

बार्जवाला

खाणीवरून देवळात कधी गेलात कळलं नाही. मी दोन दिवस नव्हतो तर इथे कीर्तन सुरू. एक लिहितो आणि जातो. 2022 च्या डिसेंबरात सरकारने खाणींचा लिलाव केला तेव्हा डिचोलीचा ब्लॉक वेदांताला गेला, शिरगाव-मयेचा साळगावकरांना. नवीन पद्धत, पारदर्शक लिलाव, सगळं बरोबर. नावं पाहिली? बोली लावायला तेवढा खिसा लागतो. कुळागर, हे तुमच्या बाजूचं आहे, घ्या. झरीबद्दल मी बोललो ते जरा जास्त झालं. हप्त्याबद्दल जास्त झालेलं नाही.

कुळागर

घेतलं. तुमच्या हप्त्यासाठी मी रडलो नव्हतो, हेही खरं. त्या वर्षी आमच्याकडे सुपारीला कोळेरोग होता, दुसऱ्याचं दिसत नव्हतं.

2012 ला आलेमांव घराण्यातले चौघे एकाच निवडणुकीत उभे राहिले आणि चौघेही पडले, तेव्हा मला वाटलं होतं की लोकांना शेवटी कळलं. 2022 ला त्यातलाच एक कुंकळ्ळीत निवडून आला आणि वर तीन जोड्या. तेव्हा फोंडेकरांचा मतदारांवरचा आरोप अर्धा मान्य. अर्धाच. 2022 ला केप्यात कवळेकर पडले आणि सांग्यात त्यांची पत्नीही पडली, तेही मतदारांनीच केलं. मात्र त्या व्हॉट्सॲप पोस्टीतलं ‘कृतघ्न’ मी मान्य करणार नाही. कृतज्ञता मास्तरांबद्दल आहे. त्यांना पगार वेळेवर मिळत होता का, हे कोणी विचारलेलं नाही.

म्हापशेंकार

फुटबॉलचं राहिलं. 2016 ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. त्यातला धेंपो तर पाच वेळा देश जिंकलेला क्लब. मालकांनी दिलं तसं मालकांनी नेलं. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये गळा फाडून ओरडलेल्या आमच्यासारख्यांना कोणी विचारलं नाही. यात मराठी-कोंकणी नाही, म्हणून कोणी उत्तर देणार नाही हे माहीत आहे.

फोंडेकर

सत्तरीची सून, तुमच्या प्रश्नाने झोप गेली. काल देवस्थानच्या कोंप्रोमिसाची (नियमावलीची) झेरॉक्स काढून वाचली. आमच्याकडे ‘पुरुष वंशज’ असंच आहे, काळ्यावर पांढरं. मुलगी माझ्याहून जास्त वेळा जत्रेला गेली आहे, मखरात देव झुलतो तेव्हा आरत्या तिला सगळ्या पाठ. पुढच्या महिन्यात महाजनांची सभा आहे, तिथे तिचं नाव घालायचा अर्ज देणार. सहीला दोन माणसं लागतात, एक मिळाला आहे.

बाकी सगळ्या मुद्द्यांवर तुम्ही तिघंही चूक आहात.

माशेलचा मृदंग

‘काळ्यावर पांढरं’ नाही हो, ‘पांढऱ्यावर काळं’. मास्तर आहे, राहवत नाही. सभेत काय झालं ते कळवा. कोपर सांभाळा.