बेवड : तो की ते, आणि नेमका कशाचा?

एका माहितीपत्रकात ‘मृदा समृद्धीकरणासाठी कडधान्ये’ असं छापलेलं कागलकडच्या मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, “मग बेवड म्हण की लेका सरळ!”

मामांचा नेम बरोबर बसला, पण बेवड म्हणजे सुपीकता नव्हे. सुपीक, कसदार, निकस हे शब्द रानाचे, बेवड पिकाचा. आधीचं पीक निघून गेलं की रानात मागं जे राहतं आणि त्याचं पुढच्या पिकाला जे बरंवाईट होतं, तो बेवड. म्हणून ‘रानाचा कस’ आणि ‘सोयाबीनचा बेवड’. ‘जमिनीचा बेवड’ असं कुणी लिहिलं की मला खटकतं.

‘बरंवाईट’ मुद्दाम म्हटलं. बेवड वाईटही असतो. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, धसकटं कुजवताना जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडंच ओढून घेतात, मग मागनं लावलेलं पीक सुरुवातीला पिवळं पडतं. उलट सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात. फुलोऱ्यातलं एक झाड हलक्या हातानं उपटून गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी निघाली तर ती कामाला लागलेली आहे. हिरवट-करडी असेल तर नुसती शोभेची. सोयाबीनचा पाला पिकताना रानातच झडतो, हा वरचा फायदा. भुईमुगाचे वेल मात्र जनावरांसाठी घरी येतात, त्यामुळं रानाच्या वाट्याला तेवढं कमी.

आमच्याकडं आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या, उसाआधी तागही करतात. पेरल्यापासून दीडेक महिन्यात फुलावर आला की नांगरून गाडतात. त्यालाही काही जण बेवड म्हणतात, पण माझ्या मते ते हिरवळीचं खत. बेवड ठेवणारं पीक आधी घरात येतं.

लिंगाचं म्हणाल तर बोलताना ‘तो बेवड’, छापील लेखांत ‘ते बेवड’ही दिसतं. दोन्ही चालतंय. बेवड्याशी गल्लत करून शहरातली पाहुणी पोरं हसतात, त्याला इलाज नाही.

परवा तालमीत एक कोवळा पैलवान बघून मामा म्हणाले, “आज्ज्याचा बेवड हाय ह्यो.” असा वापर तुमच्या भागात कानावर आलाय का?