मदत हवी आहे - ऐन उन्हात सोलर इन्व्हर्टर ट्रिप होतोय

नमस्कार मंडळी, कराडजवळ गावाकडच्या घरी दोन महिन्यांपूर्वी ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (लाइनला जोडलेलं) सोलर बसवलं, पीएम सूर्यघर योजनेतनं, ७८ हजार सबसिडी पण जमा झाली, नेट मीटर (आलेली-गेलेली वीज मोजणारा) लागला, सगळं नीट. पण ऊन तापलं की साडेअकरानंतर इन्व्हर्टरवर लाल दिवा, डिस्प्लेला ग्रिड ओव्हर व्होल्टेज (म्हणजे लाइनचं व्होल्टेज जास्त) आणि जनरेशन बंद, मग थोड्या वेळानं आपोआप चालू, परत बंद, हे तीन वाजेपर्यंत चालतं. कमाईच्या वेळेलाच सगळं वाया, बघून जीव तुटतो.

काल मल्टीमीटर घेऊन बसलो. सकाळी सातला २३८ व्होल्ट होतं, दुपारी इन्व्हर्टरच्या टर्मिनलला २६४ आणि त्याच वेळी मीटरपाशी २५१. म्हणजे मधल्या वायरमध्येच १३ व्होल्ट! पॅनल गोठ्याच्या पत्र्यावर आहेत, तिथनं मीटर ७० मीटर लांब आणि वायर टाकलीय २.५ स्क्वेअर एमएमची कॉपर. वीज बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला व्होल्टेज चढवावं लागतं, वायर बारीक आणि लांब असली की जास्तच, एवढं मला कळलंय.

बसवणारा म्हणतो सेटिंगमध्ये व्होल्टेजचं लिमिट वाढवून देतो, पण मला ते पटत नाही, तेच व्होल्टेज गोठ्यातल्या मोटरला आणि कडबाकुट्टीला बसणार ना.

तर १० स्क्वेअरची केबल टाकली तर भागेल का? की मीटरपाशीच २५१ येतंय, घर लाइनच्या शेवटच्या पोलवर आहे, म्हणून डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप पण खाली करून, म्हणजे तिथनंच व्होल्टेज कमी करून घ्यावं लागेल? तसा अर्ज कुणी केलाय का, त्यात नेमकं काय लिहिलं? केबल घ्यायला शनिवारी जाणार आहे, त्याआधी सांगा प्लीज.