परदेशातून परतल्यावर जुन्या क्रेडिट कार्डची थकबाकी, मदत हवी आहे

माझा भाऊ बरीच वर्षं बाहेर राहून आता भारतात कायमचा परत आलाय आणि होम लोनसाठी सिबिल (कर्जफेडीचा इतिहास दाखवणारा क्रेडिट रिपोर्ट) काढलं तर जाण्याआधीच्या कार्डची थकबाकी त्यात निघाली, व्याज आणि लेट फी धरून मूळ रकमेच्या कितीतरी पट. रिकव्हरीवाला म्हणतो अर्ध्यात सेटल करा, पण मग रिपोर्टवर 'सेटल्ड' लागणार, 'क्लोज्ड' नाही, आणि लोन देणाऱ्याला तेच खटकतं ना. थकबाकीसाठी कोर्टात दावा करायच्या 3 वर्षांच्या मुदतीचा कायदा माहितीय, पण त्याने रिपोर्टवरची नोंद थोडीच जाते! व्याज माफ करून मूळ रक्कम पूर्ण भरली तर 'क्लोज्ड' आणि एनओसी (बाकी काही नाही असं ना-हरकत पत्र) देतात का कुणाला? आधी लेखी पत्र मागायचं ना?